हात ढिला सोड

सिनेमा बघताना जैबूनमावशी शेजारच्याचं मनगट धरून बसायची. भीती वाटते म्हणून नाही. भ्यालेलं माणूस घट्ट धरतं, घामेजल्या हातानं धरतं. तिचा तळवा कोरडा आणि थंड असायचा आणि बोटं नाडी बघितल्यासारखी मनगटावर अलगद टेकलेली असायची. ओळखीचं कुणी शेजारी नसेल तर ती अनोळखी बाईचा हात धरायची. बारामतीच्या थिएटरात एकदा इंटरवलला दिवे लागले तेव्हा पलीकडच्या खुर्चीतली एक नवी नवरी आपला हात हिच्या हातात बघून दचकली. मावशीनं तिला शांतपणे विचारलं, "अडीचचा हात हाय न्हवं तुझा? मग ह्या सव्वादोनच्या बांगड्या कुनी कोंबल्या? घरी गेली की साबन लावून उतरव. रगत अडतंय." नवरीनं मान हलवली आणि उरलेला अर्धा सिनेमा हात तसाच राहू दिला.

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सांगायचं म्हटलं तर मी ते कुठंतरी लपवीन.

जैबूनमावशी आतार. भवानीनगरला साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, भिंतींवर दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळा आणि मधोमध एक बैठं स्टूल. तिचा नवरा खांद्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरायचा. तो गेल्यावर तिनं पेटी भिंतीला टेकवली आणि तिथंच बसली. लग्नाघरी मात्र ती स्वतः जायची, आणि आमची पहिली भेट तशीच झाली. मी अकरा वर्षांची होते. मामाचं लग्न होतं, आणि वालचंदनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये बायका ओळीनं बसून बांगड्या भरून घेत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी डावी मूठ आवळून धरली होती.

"हात ढिला सोड," ती म्हणाली. "काचंची वस्तू हाय. तू आवळलास तर ती वाढनार." बांगडी फुटली असं ती कधीच म्हणायची नाही. बांगडी वाढते. "सोड की गं. काय चोरून आनलंयस का मुठीत?"

मुठीत खरोखरच चोरलेली वस्तू होती. होणाऱ्या मामीसाठी आणलेल्या सामानातलं टिकल्यांचं पाकीट मी न विचारता उचललं होतं. तिनं माझी दोन बोटं हलकेच उघडली, आत बघितलं आणि परत मिटली. मग शेजारी बसलेल्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उजवा आन आदी. डावा हात गार पडलाय पोरीचा." उजव्या हाताचं काम तिनं इतकं सावकाश केलं, की मधेच उठून मी पाकीट परत ठेवून आले. आईला आजतागायत ते माहीत नाही. मला मात्र त्या दिवसापासून कळून चुकलं, की ह्या बाईसमोर माझ्या चेहऱ्याचा काही उपयोग नाही.

आणि माझ्याकडं चेहऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं आम्हाला नीट बसायला, नीट बोलायला आणि न बोलायलाही शिकवलं. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायचे. वाचायचे खूप, विशेषतः रहस्यकथा. माझी समजूत होती, की मी गप्प बसते म्हणजे मी सगळं टिपते. जैबूनमावशी तर सतत बोलायची आणि तरी माझ्यापेक्षा जास्त टिपायची. दुकानात आलेल्या बाईचा हात हातात घेतला की ती बोलायला लागायची. "का गं सुमन, स्कूटी शिकतीस का? न्हाय, ह्या अंगठ्याच्या बेचक्यात नवा घट्टा हाय." किंवा, "वैनी, धाकटी आली न्हवं म्हायेराला? परत जायची न्हाय म्हनती का?" त्या वैनी डोळ्याला पदर लावायच्या. तिला कसं कळलं, हे मी विचारलं तर म्हणायची, "हातात हात हाय की. तोंड बघून काय कळतंय? तोंड तर समदी धुवून येत्यात."

माझी आई, जी माझ्याशी भाजी आणि परीक्षा ह्या दोनच विषयांवर बोलायची, ती मावशीशी तास तास बोलत बसायची. परतताना बसमध्ये म्हणायची, "काय नजर आहे बाईची! नाहीतर आमची. ढीगभर पुस्तकं वाचते, आणि समोरचं ताट दिसत नाही."

आमच्या दोघींच्या सिनेमाची सुरुवात आईमुळंच झाली. 'मोजणीदार सोवनी' ह्या सिनेमाचा पहिला भाग आला, तेव्हा मला तो बघायचाच होता. सोवनी म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, चष्मा नाकावर घसरलेला म्हातारा. तो खुनाच्या जागी गेला की आधी टेप काढून अंतरं मोजतो. आणि टेप, साखळी, झेंड्या भरलेली पिशवी खांद्याला लावून त्याच्यामागं चालणारी त्याची मदतनीस शालू. कॉलेजात सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. आई मला एकटीला बारामतीला सोडेना. मग तिनंच मार्ग काढला. मावशीला महिन्यातून एकदा माल आणायला बारामतीला जावं लागायचं. "जैबूनबरोबर जा. ती येते म्हणाली." मी वालचंदनगरला बसमध्ये बसून खिडकीची जागा धरायचे, भवानीनगरला मावशी चढायची, आणि बसभर "जैबून, कुठं?" "पिच्चरला!" असा पुकारा व्हायचा. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसायचे. तिला तू म्हणायलाही मला त्या प्रवासातच जमलं. "तुमी-तुमी काय करतीस," ती म्हणाली, "मी काय तुझी हेडबाई हाय?"

पैज तिनंच काढली. इंटरवलला तिनं पिशवीतून बांगड्या गुंडाळायच्या कागदाचे दोन तुकडे फाडले. खुनी कोण आणि कशावरून, एवढं लिहायचं, घडी घालायची आणि तिच्या कमरेच्या चंचीत टाकायची. सिनेमा सुटल्यावर बाहेर उघडायच्या. जी चुकेल तिनं बांगड्यांची पिशवी एसटी स्टँडपर्यंत न्यायची. काचेची पिशवी किती जड असते, हे ज्यानं उचलली नाही त्याला कळणार नाही. ती नुसती जड नसते, तर तुमच्या प्रत्येक पावलाला किणकिणत रस्त्यावर जाहीर करते, की कुणीतरी हरलेलं येतंय.

पहिल्या भागात मी लिहिलं, 'पुतण्या किंवा वकील', आणि वकील खोडला. तिनं चौथीतल्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कंपौंडर. बाटली पुसली.' कंपौंडरच निघाला. "कवा बघितलायस का कंपौंडर बाटली पुसून देताना?" मावशी म्हणाली आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

दुसऱ्या भागाचं मी अजून विसरलेले नाही. त्यात एका जमीनदाराचा खून होतो आणि त्याची विधवा बायको पोलिसांना सांगते, की आज सकाळी बातमी कळल्यावर बायकांनी माझ्या बांगड्या वाढवल्या. सोवनी अंगण मोजतो, पावलं मोजतो आणि शेवटी पावलांच्या अंतरावरून तिला पकडतो. मावशीनं ते तासभर आधी लिहून ठेवलं होतं. "सकाळी वाढवल्या म्हनती, आन मनगटावर एक वरखडा न्हाय. काच फोडली की लागतं, बाई. तिनं त्या आदल्या दिशीच नीट उतरवून ठिवल्या हुत्या. म्हंजी तिला ठावं हुतं." बनवणाऱ्यांना बांगड्यांचं भान तरी होतं का, कोण जाणे. सोवनीनं तर मनगटाकडं बघितलंही नव्हतं.

मी तेव्हा सोवनीच्या चाहत्यांच्या एका ग्रुपवर होते. तिथं मी इंग्रजीत लांबलचक लिहायचे, कुठल्या दृश्यात घड्याळ किती वाजले दाखवतं वगैरे. पाच-सहा जण अंगठा दाखवायचे. मनगटाची गोष्ट मी तिथं टाकली असती तर ग्रुप उसळला असता. मी टाकली नाही. माझी म्हणून टाकण्याची हिंमत नव्हती, आणि तिची म्हणून टाकायची मला इच्छा नव्हती. तिला मात्र ग्रुपची गरजच नव्हती. सोमवारी तिच्या दुकानात स्टुलाभोवती बायका जमायच्या. "जैबून, कसाय गं पिच्चर?" आणि ती बांगड्या भरता भरता खुनी सोडून बाकी सगळी गोष्ट सांगायची. सोवनी चष्मा वर ढकलायचा तसा हातातली बांगडी वर ढकलायची. बायका हसून लोळायच्या. दुकानाच्या दारात मी एकदा ते बघितलं आणि आत न जाता पुढच्या बसनं घरी गेले.

तिसऱ्या भागाची जाहिरात आली तेव्हा माझी बी.कॉम.ची शेवटची परीक्षा झाली होती. मी ठरवलं, की पिशवी ह्या वेळी मी नेणार नाही. त्यासाठी अभ्यास केला. आधीचे दोन्ही भाग वही घेऊन पुन्हा बघितले. पण जसजसा दिवस जवळ आला तसं मला कळायला लागलं, की ती पुन्हा कुठलीतरी बाटली, कुठलंतरी मनगट बघणार आणि माझी वही तशीच राहणार. आम्ही रविवारी बारामतीला जाणार होतो. सिनेमा शुक्रवारी लागत होता. मी आईला सांगितलं, की पुण्याला मुलाखत आहे, मैत्रीणही बरोबर आहे, आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लांब एकटी. तिकीट मागताना माझा आवाज दोनदा फुटला नाही. स्वारगेटहून थिएटर शोधत चालत गेले, रिक्षावाल्याशी बोलायला नको म्हणून.

तिथं एका दृश्यात विहिरीवरचा पंप सुरू करायला माणूस वाकतो आणि पाण्यातून एक हात वर येऊन त्याचा पाय धरतो. सगळं थिएटर किंचाळलं. माझा हात आपोआप डावीकडं गेला. तिथं कुणाचंतरी कोपर होतं. "सॉरी," मी म्हणाले. तो माणूस मोबाइलमध्ये बघत होता.

आणि शेवटी खुनी निघाली शालू. दोन भाग सोवनीची पिशवी धरणारी, पहिल्या भागात त्याला पुरातून ओढून काढणारी शालू. सोवनी टेप खाली टाकतो आणि पहिल्यांदाच रडतो. परतीच्या बसमध्ये मी ग्रुप उघडला तर तिथं सुतक होतं. कुणी लिहिलं होतं, दिग्दर्शकानं आपलाच पहिला भाग परत बघावा. कुणी शालूच्या फोटोला हार घातला होता. शेवट बदला म्हणून सह्यांची मोहीमही निघाली. मीही लिहिलं, मुद्देसूद, की शालूला काही कारणच नव्हतं, हे पात्रावर अन्याय करणारं लेखन आहे. पन्नासाच्या वर लोकांनी ते उचलून धरलं. इतकी माणसं माझ्याशी सहमत आहेत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. भिगवण येईपर्यंत मी परत परत तेच वाचत होते.

रविवारी भवानीनगरला मावशी चढली ती नवी हिरवी साडी नेसून. "आज समद्यास्नी सांगून आले," ती म्हणाली, "पोरीचा अभ्यास झालाय, आज मीच पिशवी उचलनार बगा." बसमध्ये लोक हसले. मी खिडकीबाहेर बघितलं.

थिएटर भरलेलं होतं. दिवे गेले आणि तिचा थंड तळवा माझ्या मनगटावर आला. चेहऱ्याची मी सगळी तयारी केली होती. कुठं भुवया उंचवायच्या, कुठं तोंडावर हात न्यायचा. पंपाचं दृश्य आलं तेव्हा मी सगळ्यांबरोबर किंचाळले सुद्धा. बेतानं, आमच्या शाळेत शोभेल इतपत. इंटरवलला मी चिठ्ठीत लिहिलं 'शालू' आणि खाली कशावरून ते, एकाखाली एक सहा ओळी. मावशी पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ बसली होती. मग तिनं थोडंसं लिहिलं, घडी घातली आणि दोन्ही चिठ्ठ्या चंचीत टाकल्या.

बाहेर आलो तेव्हा रसाच्या गुऱ्हाळापाशी गर्दी तापली होती. कॉलेजची पोरं ओरडत होती, "डायरेक्टरला एकदा बारामतीत आना रे!" कोऱ्हाळ्याचे एक टोपीवाले गृहस्थ तर रडकुंडीला आले होते. "आवो, पहिल्या भागात तिनं त्याला पुरातनं वर वढला. त्याला भाकरी करून घातली. तिनं का म्हनून करावं? ह्येला काय कारन?"

मी मनात म्हटलं, बरोबर. पन्नास जण माझ्याशी सहमत आहेत, हे एक्कावन्नावे.

"का न्हाय करनार?" मावशी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "दोन पिच्चर ती निस्ती पिशवी धरून मागनं चालली, तात्या. पुरातनं वर काढला तवा पेपरात कुनाचा फोटू आला? म्हाताऱ्याचा. त्यो मोजनार, आन ही टेपाचं दुसरं टोक धरनार. त्यानं एकदा तरी इचारलं का, शालू, तुला काय वाटतंय? न्हाय इचारलं. माया बी हुती तिची त्याच्यावर, ती खोटी न्हवती. पन मागनं चालनाऱ्याला बी डोळे असत्यात."

टोपीवाले म्हणाले, "आयला. हे खरं हाय." पोरांपैकी एकानं फोन काढला. "काकू, परत बोला की, व्हिडिओ घेतो." "चल हट," मावशी म्हणाली, आणि सगळे हसले.

हे बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या सहा ओळी, बसमध्ये लिहिलेला तो मुद्देसूद लेख आणि पन्नास लोक, सगळं त्या एका पिशवीत बसलं आणि तिनं ते अलगद उचलून बाजूला ठेवलं, असं मला वाटलं. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, निदान चिठ्ठीत तरी ही चुकलेली असू दे.

तिनं चंचीतून माझी चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली. सगळी, सहाही ओळी. "शाबास," ती म्हणाली. "जिकलीस बग."

"आणि तुझी?"

"माझं चुकलं." तिनं स्वतःची चिठ्ठी उघडली नाही. चंचीची दोरी ओढली आणि पिशवी उचलून खांद्याला लावली. तिचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. स्टँडपर्यंत ती माझ्यापुढं चालत होती आणि प्रत्येक पावलाला काच किणकिणत होती. मी दोनदा हात पुढं केला. "खेळ म्हंजी खेळ," ती म्हणाली. मी रिकाम्या हातानं तिच्यामागं चालत राहिले. इतक्या दिवसांनी जिंकले होते आणि हातांचं काय करावं, हे मला कळत नव्हतं.

त्यानंतर वर्षभरातच तिचं दुकान बंद झालं. आधी ती आकारात चुकायला लागली, मग रंगात. हिरव्याऐवजी निळ्या बांगड्या भरल्या, म्हणून एका नवरीची आई रागावली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर येणार नाही म्हणाले. मिरजेला मुलीकडं जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा भिंती मोकळ्या झाल्या होत्या. ती स्टुलाशेजारी बसली होती.

"ये. हात आन." बांगड्यांची एकच माळ तिनं ठेवून घेतली होती. बघण्याची गरज नव्हती, बोटांना सव्वादोन कळत होते. अंगठा आत मुडपून तिनं पहिली बांगडी चढवली आणि थांबली. "हात ढिला सोड. आज काय चोरून आनलंयस?"

तिनं चंचीतून एक घडी काढून माझ्या हातावर ठेवली. बांगड्यांच्या कागदाचा तुकडा, घडीवर पिवळा पडलेला. मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिली, 'शालू. पिशवी धरती.' दुसरी, 'ही आदी बगून आली.'

मला वाटलं, बांगडी आता वाढणार.

"कशावरून?" मी विचारलं. एवढंच विचारायला मला सुचलं.

"त्यो पानी काढाया वाकला न्हवं, तवा. हात वर आल्यावर समद्यांची मनगटं आवळली. तुझं आदी आवळलं. त्यो नुसता वाकलाय, आन तू आवळलीस." तिनं दुसरी बांगडी चढवली. "वरडलीस मात्र ब्येस. इंग्लिश शाळंत शिकल्यागत."

"मग बोलली का नाहीस? तू तर दोन्ही ओळखलं होतंस. तू जिंकली होतीस."

"एकटी गेलतीस का पुन्याला?"

"हो."

"एष्टीनं? तिकिट काढून?"

"हो."

"जंक्शनच्या फाट्याला एकटी उतरायची म्हनलं तरी तोंड पांढरं व्हायचं तुझं." तिसरी बांगडी. "मी म्हनलं, हरू नये म्हनून पोरगी एवढ्या लांब एकटी जाऊन आली. आता हिच्या खांद्याला पिशवी कुटं देऊ?"

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी रडले असते, माफी मागितली असती. तिनं माझ्या चोरीतही माझं कौतुक शोधून काढलं होतं, आणि खरं सांगते, मला पुन्हा हेवा वाटला. हेही तिनंच माझ्याआधी बघितलं होतं. पुण्याला जाताना मी चोर म्हणून गेले होते. एकटी गेले यात काही हिंमत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"पन वंगाळ केलंस," ती म्हणाली. आवाज बदलला नव्हता, बोटंही थांबली नव्हती. "माझा पिच्चर घालवलास. त्या पंपापासनं माझं समदं ध्यान तुझ्या हाताकडं. ही आता काय करती, कुटं आवळती. इंटरवलनंतर शालूला कशी धरली, म्हातारा कसा रडला, ते मी नीट बघितलंच न्हाय. म्हनलं, दुसऱ्यांदा बघू. मग डोळं ऱ्हाईलं न्हाईत."

तिनं डोळ्यांनी बघितलेला तो शेवटचा सिनेमा होता. मी तिच्या शेजारी बसून तो खाल्ला होता.

सहा बांगड्या ह्या हाताला आणि सात त्या हाताला भरून झाल्या. बांगड्या भरल्यावर बायका तिला वाकून नमस्कार करायच्या. मी आजवर लाजून तो टाळत आले होते. त्या दिवशी वाकले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा. बस चुकंल."

ह्या महिन्यात चौथ्या भागाचं ट्रेलर आलं. ग्रुप पुन्हा पेटलाय. शालू तुरुंगातून सुटते म्हणे, निम्मे लोक आनंदानं वेडे झालेत आणि निम्मे म्हणतात, आता हे पुरे करा. कुणीतरी शेवट फोडणार, हे ठरलेलंच आहे. मी मिरजेला फोन लावला. तिला बातमी आधीच कळली होती.

"मला घेऊन जा," ती म्हणाली.

"मावशी, पण तुला दिसणार..."

"दिसत न्हाय तर न्हाय. ऐकू येतंय की. आन तुझा हात हाय. कुटं काय झालं ते मला तितं कळंल." मग म्हणाली, "पन आदी बघायचा न्हाय. कुनाला इचारायचं बी न्हाय. न्हायतर मला खोटाच पिच्चर दिसंल."

फोन ठेवल्यावर मी ग्रुप सोडला आणि पुसूनही टाकला. इतक्या वर्षांत तिथं मी लिहिलेलं सगळं त्याबरोबर माझ्या फोनवरून गेलं, आणि मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. मिरजेच्या एसटीचं तिकीट काढून ठेवलंय. वहीत काही लिहिलेलं नाही. खुनी कोण, हे ती माझ्या मनगटावरून माझ्याआधी ओळखणार, याबद्दल मला शंका नाही, आणि त्याचा हेवा आत्तापासूनच वाटतोय. बांगड्यांची पिशवी आता नसते. तरी चिठ्ठीसाठी मी बांगड्या गुंडाळायचा एक कोरा कागद सांभाळून ठेवलाय. आणि सकाळपासून दोन-तीनदा, कुणी बघत नाही असं बघून, मी मनगट मांडीवर ठेवून हात ढिला सोडून बघितला आहे.